शेऱ्याचा रकाना

गाडी कोणती चांगली, असं आमच्या ड्रायव्हर मामांना विचारायची सोय नव्हती. ते विचारणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे आणि उलट त्यालाच विचारायचे, "बंद कुठं पाडायचीय?"

चालताना सगळ्याच गाड्या गुणी, असं त्यांचं म्हणणं. गाडी कळते ती बंद पडल्यावर. एखादी बाजारात बंद पडते, तिथे ढकलायला चार माणसं मिळतात. एखादी घाटात पडते, तिथे निदान येणाजाणारा ट्रक थांबतो. आणि एखादी पडते भर पावसात, ओढ्यावरच्या फरशीवर. खाली दगडी फरशी, वरून वाहतं पाणी, आणि मधोमध तुम्ही आणि तुमचा पाना. "आधी जागा ठरवा, मंग गाडी घ्या," म्हणायचे. समोरचा बिचारा नुसतं मायलेज विचारायला आलेला असायचा.

आज हे लिहायला बसले त्याला कारण आमचे जावई. जावयावर ओरडता येत नाही, म्हणून कागदावर ओरडतेय.

जावई इंदिरानगरात राहतात, अंबडला कंपनीत जातात. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड चढ म्हणजे सोसायटीच्या पार्किंगचा. गेल्या महिन्यात त्यांनी इंटरनेटवरून छापून आणलेले कागद माझ्यापुढे पसरले. "आई, जुनी फोर बाय फोर घ्यायचीय. रविवारी डोंगरात नेता आली पाहिजे आणि रोज ऑफिसलाही. तुम्ही गाड्यांच्याच शाखेत होतात ना?" तीन गाड्या निवडल्या होत्या. एक जिप्सी. एक परदेशी, भलीमोठी. आणि एक जुनी जीप, पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याकडची. तिन्हींपुढे चांदण्या काढलेल्या. आरामाला इतक्या, ताकदीला इतक्या.

माझं डोकंच फिरलं. चांदण्या कसल्या देताय, अहो! असल्याच तीन गाड्यांपायी मी पोटावर पाण्याचा तांब्या धरून डोंगर पालथा घातलाय. त्यातली एक मी स्वतःच्या हाताने मोडीत काढली. आणि ती पिंपळगावची जीप कोणती, हे व्यापाऱ्याचं आडनाव वाचल्या वाचल्या मला कळलं होतं, कारण लिलावाच्या कागदावर ते मीच टाइप केलं होतं.

मी तेव्हा नाशिकच्या एका सरकारी कचेरीत, वाहन शाखेत कनिष्ठ लिपिक होते. मामा आमच्या हाताखालच्या एका दवाखान्याचे ड्रायव्हर. दवाखाना घोटीच्या पलीकडे, डोंगरात. उंच, वाळलेला माणूस, खाकी सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन असावं तसा पाना. कचेरीत सगळ्याच ड्रायव्हरांना मामा म्हणायचे, पण नुसतं "मामा आले" म्हटलं की ते हेच, आणि ते आले की निम्मी शाखा चहाला पळायची.

का नाही पळणार? त्यांचं सगळंच उफराटं. गाडी चालू असताना ते एक अक्षर बोलायचे नाहीत. प्रश्नाचं उत्तर गाडी थांबल्यावर. एकदा मी मुंबई नाक्यावर विचारलं, "मामा, जेवलात का?" उत्तर मिळालं घोटीला, इंजिन बंद करून, हॅन्डब्रेक ओढून. "नाय." मधला तासभर मी डबा मांडीवर घेऊन बसलेली. दार कोणी जोरात लावलं की खेकसायचे, "हळू! ती काय तुमची सासू हाय?" मोठमोठे अधिकारी चोरासारखे दार लावायचे. आणि डांबरी रस्त्यावर कोणी हौसेने फोरव्हीलचा दांडा ओढला, तर मग त्या माणसाची धडगत नसे. "डांबरावर फोरव्हील टाकनारा मानूस घरात बूट घालून झोपत आसंल," हे त्यांनी एका साहेबांना तोंडावर ऐकवलं होतं. साहेब खरंच शेजारच्या सीटवर बूट पसरून बसले होते, हे आणखी वर.

आता तांब्याचं सांगते.

डोंगरातल्या दवाखान्याला कायमची एक गाडी द्यायची होती. कचेरीकडे तीन होत्या. साहेबांच्या दिमतीला असलेली पांढरी जिप्सी, परदेशी मदतीतून आलेली ती मोठी गाडी, आणि मामांच्या हातातली कापडी हुडाची जुनी जीप. साहेबांनी मला फर्मान काढलं, "जाऊन तपासणी करा, तुलनात्मक टिप्पणी सादर करा." मी चोवीस वर्षांची, सायकलसुद्धा धड येत नव्हती. टिप्पणी कसली करणार, कपाळ!

मामा म्हणाले, "सोपं हाय. झोपा."

"काय?"

"मागं झोपा, बाई. गाडीत बसनाऱ्याला गाडी कळत नाय. आपल्याला पेशंट आनायचाय, साहेब नाय आनायचा."

आणि त्यांनी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंकडून एक तांब्याचा तांब्या मागून आणला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. पोटावर धरून झोपायचं. वरच्या पाड्यापासून दवाखान्यापर्यंत यायचं. उरेल ते पाणी मोजायचं. सात महिन्यांची पोटुशी बाई त्या वाटेने कशी येते ते कळायला दुसरा उपाय नाही, म्हणे. मी संतापून सांगितलं, मी सरकारी कर्मचारी आहे, असलं काही करणार नाही. ते म्हणाले, "मंग मी झोपतो, तुम्ही चालवा." झोपले मीच. करते काय?

जिप्सीत पहिल्या दोन वळणांत तांब्या रिकामा झाला आणि मी चिंब. मात्र मामांनी तिला नावं ठेवली नाहीत. "चढाला शेळी हाय ही. हलकी, तुरूतुरू जानार. एकला मानूस आसंल तं हीच घ्यावी. पन शेळीवर रोगी बसवत नाय." मोठ्या गाडीत पाणी हललंसुद्धा नाही. मी म्हटलं, झालं, हीच द्या! तेवढ्यात दोन भातखाचरांच्या मधल्या वाटेवर ती अडकली. अंगाने रुंद, वाट अरुंद. उतरून मामांनी बॉनेटवर हात ठेवला. "राजाची पालखी हाय. राजाच्या रस्त्यावर न्यावी. आन बिघडली तं हिचा एक नट आनायला इमानात बसून जावं लागतं." जुन्या जिपेने माझी हाडं खिळखिळी केली, पण तांब्यात अर्ध्याहून जरा जास्त पाणी उरलं. मला आश्चर्य वाटलं, तर म्हणाले, "हिच्या पाट्यांतलं एक एक पान मी काढून टाकलंय. माल जरा कमी झेपतो. बाई मातर झेपती." पाटे म्हणजे गाडीचा भार तोलणाऱ्या त्या पोलादी पट्ट्या, एकावर एक बांधलेल्या. हुडाच्या दांडीला त्यांनी सायकलच्या आरीचा एक आकडा वळवून लावला होता, सलाईनची बाटली टांगायला. फरशीवरून गुडघाभर पाणी वाहत असताना ते आधी स्वतः काठी घेऊन अनवाणी पलीकडे जाऊन यायचे, मग छोटा गिअर आणि फोरव्हील टाकून ती जीप इतकी हळू पार करायचे की चालत येणारी म्हातारी पुढे जाईल.

टिप्पणीत मी लिहिलं, जुनी जीप योग्य. साहेबांनी मान डोलावली. तीन-चार वर्षं ती डोंगरात राहिली. किती बाया तिच्यातून खाली आल्या, सिस्टरबाईंना विचारा.

पण मामांना एक खोड होती, आणि तिच्यावर मी आजही चिडते.

प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं. तारीख, फेरी, किलोमीटर, शेवटी शेऱ्याचा रकाना आणि त्याला लागून "केलेली दुरुस्ती". जिप्सीचा ड्रायव्हर शेऱ्यात रोज एकच शब्द लिहायचा, "ठीक". क्लच जळाला त्या दिवशीही "ठीक". आमचे मामा? "डाव्या दाराची कडी कुरकुरते." "दुसऱ्या गेरला जरा हट्ट." "चढाला धूर, काळा नाही, राखी." "ब्रेक आज उशिरा ऐकला." रोज! एक दिवस सुटायचा नाही. आणि दुरुस्तीचा रकाना कोरा करकरीत.

दुरुस्ती करत नव्हते असं नाही. त्याच संध्याकाळी पाना घेऊन गाडीखाली शिरायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. मी ओरडले होते त्यांच्यावर, "मामा, एक तर एवढं लिहू नका, नाही तर दुरुस्त केलंत तेही लिहा!"

"दुरुस्त केलेलं काय लिहायचं? ते तं कामच हाय. जेवल्यावर हात धुतले आसं कोन लिहितं?"

"मग दोष तरी कशाला लिहिता?"

"गाडीचं खोटं लिहिलं की गाडी खोटी वागती, बाई."

मी कपाळाला हात लावला आणि विषय सोडला. सोडायला नको होता.

मग साहेबांना नवी गाडी हवीशी झाली. शहरात फिरायला, सौभाग्यवतींना कॉलेज रोडला न्यायला. नियम असा की एक गाडी मोडीत काढल्याशिवाय नवी मिळत नाही. जिप्सी साहेबांचीच. परदेशी गाडी एका नटापायी कचेरीच्या आवारात विटांवर उभी होती, पण देणगीची, तिला हात लावता येत नव्हता. राहिली कोण? निर्लेखन समिती बसली. मोडीत काढायला सरकारी भाषेत निर्लेखन म्हणतात, ऐकायला कसं सोज्वळ वाटतं. साहेबांनी जिप्सीचं आणि जीपचं, गेल्या एका वर्षाची लॉगबुकं माझ्या टेबलावर टाकली. "दोषांच्या नोंदी मोजा आणि तक्ता करा."

मी मोजल्या. जिप्सी, शून्य. जीप, तीनशे अकरा. दुरुस्ती, शून्य.

मला सगळं ठाऊक होतं हो! त्या तीनशे अकरा म्हणजे तीनशे अकरा वेळा गाडीखाली शिरलेला माणूस आहे, हे त्या कचेरीत मला एकटीला ठाऊक होतं. तोंड उघडून एवढं सांगायचं होतं. पण माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि साहेब माझ्याकडे बघत होते. मी स्वतःला समजावलं की मला मोजायला सांगितलंय, विचारायला नाही. तक्त्याखाली लिहिलं, "नोंदी तपासल्या. बरोबर आहेत." आणि सही ठोकली. साहेबांनी वर लिहिलं, "सदर वाहन वापरण्यायोग्य नाही."

मामांच्या स्वतःच्या अक्षराने त्यांची गाडी गेली. खरं लिहिणाऱ्याची मोडीत आणि "ठीक" लिहिणारा मोकळा. हा कुठला न्याय? लिलाव झाला, पिंपळगावच्या व्यापाऱ्याने जीप नेली, साहेबांना नवी गाडी आली. डोंगरातल्या दवाखान्याला मिळाली कचेरीची जुनी व्हॅन. रंग नवा मारलेला, मागे मऊ सीट. पोट जमिनीला टेकलेलं. तिच्यात तांब्यातला थेंब सांडला नसता.

पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या आवणीचे दिवस. भर दुपारी वरच्या पाड्यावरून निरोप आला, बाई अडलीय. मामा आणि सिस्टरबाई व्हॅन घेऊन निघाले. फरशीवर गुडघ्याच्या वर पाणी. जीप असती तर मामांनी छोटा गिअर टाकला असता आणि गेले असते, दरसाल जात होतेच. व्हॅन अलीकडे उभी राहिली. पलीकडून चार माणसं घोंगडीची झोळी बांबूला बांधून बाईला घेऊन उतरली आणि पाणी बघून थांबली. मामांनी सिस्टरबाईंचा हात धरून त्यांना पाण्यातून पलीकडे नेलं. तिथेच, चिखलात, इरल्यांच्या आडोशाने ती मोकळी झाली. बाई वाचली. मूल नाही वाचलं.

हे मला सिस्टरबाईंनी नंतर सांगितलं. मामांनी काहीच सांगितलं नाही. महिनाअखेर व्हॅनचं लॉगबुक माझ्या टेबलावर आलं. मी त्या तारखेवर बोट ठेवलं. फेरीचा उद्देश, पेशंट आणणे. पोहोचण्याचे ठिकाण, फरशीच्या अलीकडे. आणि शेऱ्याच्या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदा, त्या वळणदार अक्षरात:

"गाडीत दोष नाही. गाडी ठीक."

मी ते लॉगबुक तसंच साहेबांकडे नेलं. वाटलं, वाचतील, मान तरी खाली घालतील. साहेबांनी पान उलटलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "बघा! आता कशी सुधारणा आहे मामांच्या नोंदींत." आणि हिरव्या शाईने बारीक सही केली.

त्या सहीवर शाईची दौत उपडी करावीशी वाटली होती मला. केली नाही. जीपच्या तक्त्यावर माझीही सही होती ना. त्या दिवसापासून मामांना तोंड दाखवायचं टाळलं. ते आले की चहाला पळणाऱ्यांत मीही सामील झाले.

तर ही अशी गोष्ट, आणि आमचे जावई चांदण्या देतायत.

पिंपळगावला मी त्यांच्याबरोबर गेले. व्यापाऱ्याच्या पॅकहाउसमागे ती उभी होती. "वापरण्यायोग्य नाही" म्हणून मी सही केलेली गाडी वीस-बावीस वर्षं द्राक्षबागांच्या चिखलातून क्रेट ओढत होती, आणि व्यापारी म्हणत होता, "ताई, एकदा पण धोका दिला नाही हिनं." मी हुडाची दांडी चाचपली. सायकलच्या आरीचा आकडा जागेवर होता. जावई म्हणाले, "आई, हा हूक कशाचा? फावल्या वेळात कंदील टांगायला?" मी म्हटलं, "सांगते. आधी घोटीला चला." चालवून बघायला म्हणून व्यापाऱ्याकडून जीप मागून घेतली आणि निघालो.

मामा निवृत्त होऊन घोटीत राहतात. भाताच्या गिरणीमागे दोन खोल्या. कान मंदावलेत, पण जीप गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच ते ओट्यावर उभे राहिलेले दिसले. मी उतरले. दार हळू लावलं. त्यांनी मला ओळखलं की नाही कळेना, ते गाडीकडेच बघत होते. एकेका चाकापाशी वाकले. आकड्याला बोट लावलं. मग मागे चढून आडवे झाले आणि मामींना हाक मारली, "तांब्या आन गं."

जावयांनी गाडी गिरणीला वळसा घालून आणली. मामा उतरले, तांब्यात डोकावले आणि चेहरा वाकडा केला. "पाट्यात पान परत घातलंय कुनीतरी. क्रेट वाह्यला." वाटेभर धरून ठेवलेलं मी तिथे, गिरणीच्या भुश्शात उभी राहून ओकून टाकलं. "मामा, त्या तक्त्यावर सही माझी होती."

"म्हाईत हाय."

"तीनशे अकरा नोंदी मीच मोजल्या."

"मी बी मोजल्या व्हत्या नंतर. बरोबर व्हत्या. एक बी चुकली नव्हती."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राग कोणाचा येतोय तेही कळत नव्हतं. त्यांचाच आला. "मग दुरुस्ती का नाही लिहिलीत? एक ओळ लिहायला काय झालं होतं?" असं भर गल्लीत ओरडले. जावई घाबरून गाडीआड झाले.

जावयांच्या हातातला तो चांदण्यांचा कागद मामांनी मागून घेतला, पालथा केला, बॉनेटवर ठेवून लिहायला लागले. तेच वळण, जरा कापरं. पाट्यात पान जास्त. फोरव्हीलचा दांडा सैल. उजव्या पुढच्या चाकात आवाज. लिहून झाल्यावर कागद जावयांना न देता माझ्यापुढे धरला.

"मोजा, बाई."

मी मोजले नाहीत. पर्समधलं पेन काढलं, त्यांच्या ओळींच्या शेजारी दुरुस्तीच्या रकान्याची एक उभी रेघ मारली, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "पाट्यात पान जास्त. मामा, हे तेव्हा दुरुस्त कसं केलंत तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट बघितलं.

"लय येळ लावला, बाई, इचारायला," म्हणाले, आणि सांगायला लागले.